चौदावा चिकू

चिकू मला वर्ज्य आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कोणी भोळा समजायला नको. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला, काय काय खायचं नाही त्याची यादी लिहिली आणि ती माझ्या हातात न देता माझ्या बायकोच्या हातात दिली. डॉक्टर हुशार आहेत. तेव्हापासून विनिताच्या पर्समध्ये मेथीचे खाखरे असतात आणि मी कुठल्या फळाकडे नुसतं बघितलं तरी एक खाखरा माझ्यापुढे येतो. राहायला डहाणू, दारापुढून रोज चिकूचे टेम्पो जातात, आणि मी खाखरा चावतोय. असो.

मी तलासरीच्या एका शाळेत गणित शिकवतो. शाळेत गणित मंडळ आहे आणि मी त्याचा मार्गदर्शक आहे, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. शुक्रवारी शेवटच्या तासाला मंडळ भरतं. कोडी सोडवतो, भिंतींची लांबी मोजतो, एकदा शाळेच्या छपराची उंची सावलीवरून काढली आणि शिपायाने शिडी लावून ती खोटी ठरवली. पण मुलांना मजा येते.

दर जानेवारीत नरपडच्या शाळेच्या मंडळाशी आमची स्पर्धा असते. जिंकणाऱ्याला ढाल. ही ढाल नरपडच्या काशीनाथभाऊंनी वडिलांच्या स्मरणार्थ दिली, आणि गेली सहा वर्षं ती नरपडलाच आहे. नरपडला म्हणजे खुद्द काशीनाथभाऊंच्या दिवाणखान्यात. त्यांचा नातू ऋषभ त्या शाळेच्या मंडळाचा प्रमुख, म्हणून ढाल त्यांच्या घरी. तिच्यासाठी त्यांनी वेगळा खिळा मारलाय. दिलेलं दान फिरून आपल्याच खिळ्यावर येणं, यालाच पुण्य म्हणत असावेत.

यंदा स्पर्धा त्यांच्याच चिकूच्या वाडीत होती. आम्ही दोन इको गाड्यांत अकरा मुलं कोंबून नेली. विनिता डहाणूहून माझ्यासोबत स्कूटरवर आली. "मला वाडी बघायचीय," म्हणाली. सत्तावीस वर्षांत तिने शंभर वाड्या बघितल्यात. ती कशाला आली ते मला कळलं होतं.

सकाळपासून स्पर्धा चुरशीची झाली. उलटे पाढे नरपडने जिंकले. एका पायावर उभं राहून एकोणतीसचा पाढा म्हणायचा होता, तो आम्ही जिंकला, कारण आमची मुलं रोज शेताच्या बांधावरून शाळेत येतात, त्यांना एक पाय पुष्कळ होतो. काड्यापेटीच्या कोड्यात आम्ही हरलो. आमच्या शुक्राने काडी पेटते का ते आधी तपासून बघितलं आणि चौकोनाची एक बाजू जळाली. रांगोळीची सममिती आमची. असं करत करत दुपारी बरोबरी झाली, चार-चार.

आता उरली शेवटची स्पर्धा. वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी तोडलेल्या कच्च्या चिकूंचा ढीग होता. त्यात किती चिकू आहेत ते न मोजता सांगायचं. ढिगाला हात लावायचा नाही, वीस मिनिटांत आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा, मग काशीनाथभाऊ स्वतः ढीग मोजणार, आणि ज्याचा आकडा जवळचा त्याची ढाल.

नरपडकडून ऋषभ उतरला. पोरगा चांगला आहे, त्याला नावं ठेवणार नाही, पण त्याच्याकडे लाल दिव्याचा लेझर टेप होता. आमच्याकडून वेवजीची संगीता. नववीत आहे, बोलते कमी आणि विचारते फार. तिची पट्टी तलासरीच्या स्टँडवर हरवली होती.

"सर, पट्टी नाही."

"मग?"

"मग चिकूनेच मोजू का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, तिथे चिकूच होते. ती ढिगाभोवती फिरली आणि कडेचे चिकू मोजले. ब्याऐंशी, म्हणजे त्रिज्या तेरा. बाजूला पडलेला एक चिकू दूर हातात धरून, एक डोळा मिटून उंची काढली. सात चिकू. मग चिकू निवडणाऱ्या जमनाबाईंकडे गेली.

"मावशी, ही पेटी लांबीला दहा चिकू, रुंदीला पाच, उंचीला चार. म्हणजे दोनशे बसतात का?"

"दोनशे कशाला," जमनाबाई म्हणाल्या. "फटीत पण जातात ना. दोनशे छत्तीस बसतात. रोज भरते मी."

संगीताने शंकूचं सूत्र लावलं, जमनाबाईंच्या फटी त्यात मिळवल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं एक हजार चारशे साठ. खाली कच्च्या कामात चौदाशे बासष्ट आलं होतं. मी म्हटलं, दोन कुठे गेले? ती म्हणाली, "अंदाज आहे ना सर, शेवटचा आकडा कशाला मिरवायचा." बावीस वर्षं शिकवतोय, हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाच घसा खाकरला.

ऋषभने लिहिलं तेराशे सत्तर.

मग काशीनाथभाऊ मोजायला बसले. त्यांची मोजणी बघण्यासारखी असते. उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन, पाच चिकूंची पाचळी एकदम पेटीत. तोंडाने "लाभ, दोन, तीन, चार..." पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, म्हणजे बरकत राहते. वीसपर्यंत आले की शंभर झाले. मग बाजूच्या टोपलीतून एक पिकलेला चिकू उचलून बाकावर ठेवायचा, खूण म्हणून, आणि पुन्हा लाभपासून सुरू. शेवटी खुणा मोजायच्या. जितक्या खुणा तितके शंभर. खुणेला पिकलेलाच घ्यायचा, कारण कच्चा घेतला तर तो ढिगात मिसळतो.

आता ऐका माझी अक्कल. हे सगळं बघून मी मुलांना उभं केलं आणि व्याख्यान दिलं. म्हटलं, बघा, ही स्थानिक किंमत. हा बाकावरचा चिकू दिसायला एक, पण त्याची किंमत शंभर. तो आपल्या जागी आहे तोवर शंभर, जागा सोडली की काही नाही. काशीनाथभाऊंनी मोजता मोजता मान डोलावली. रिया मॅडमनी, म्हणजे नरपडच्या गणिताच्या बाईंनी, माझं वाक्य वहीत टिपून घेतलं. मग मी साक्षीदार म्हणून त्याच बाकावर बसलो, खुणांच्या शेजारी.

ज्यांना शुगर नाही त्यांना हे समजायचं नाही. माझ्या उजव्या हाताला गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पिकलेले चिकू एकेक करून येत होते. मऊ, तपकिरी, देठाशी जरा सुरकुतलेले. पलीकडे खाटेवर टोपली, टोपलीशेजारी विनिता, आणि ती काशीनाथभाऊंच्या कुसुमबाईंकडून ताडगोळ्याच्या कसल्या पदार्थाची कृती समजून घेण्यात रंगलेली. पाठ माझ्याकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा तिची पाठ माझ्याकडे होती.

मी ठरवून काही केलं नाही. डोकं काशीनाथभाऊंच्या आकड्यांत होतं, हात आपल्या मनाने गेला. मला कळलं तेव्हा तोंडात फक्त बिया उरल्या होत्या. तीन. काळ्या, गुळगुळीत. सालसुद्धा खाल्ली होती.

बाकावर नऊ खुणा होत्या, आता आठ. मी एक चिकू नव्हे, शंभर चिकू खाल्ले होते.

बिया हळूच शर्टाच्या खिशात टाकल्या आणि विचार केला की घाबरण्यासारखं काही नाही, टोपलीतला एक उचलून जागेवर ठेवला की झालं. उठलो. आळस दिल्यासारखा खाटेकडे गेलो. टोपलीकडे हात नेला. विनिताने मान वळवलीसुद्धा नाही. कुसुमबाईंना "मग गूळ किती?" असं विचारत तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं, हातात एक खाखरा ठेवला आणि हात परत पाठवला.

दुसऱ्यांदा पाणी प्यायच्या निमित्ताने गेलो. दुसरा खाखरा मिळाला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, भूक लागली असेल तर सांगा, असे घिरट्या काय घालताय?" कुसुमबाई हसल्या. मी परत येऊन बसलो. बाकावर खाखरा ठेवावा का, असाही एक विचार आला, पण काशीनाथभाऊंची नजर अजून चांगली आहे.

भरलेल्या पेट्या टेम्पोवाला रघ्या एकेक करून उचलून नेत होता. शेवटच्या बारा पाचळ्या आणि वर तीन चिकू पेटीत पडले, रघ्याने पेटी चढवली, आणि टेम्पो निघून गेला. शेडमध्ये ढिगाच्या जागी नुसता पालापाचोळा राहिला.

काशीनाथभाऊंनी खुणा मोजल्या. एकदा मोजल्या, मग थांबून पुन्हा मोजल्या. "तेरा," ते म्हणाले. "तेराशे त्रेसष्ट."

त्यांनी हाताकडे बघितलं. "हाताला जरा जास्त वाटले होते," असं पुटपुटले. पण पन्नास वर्षांत त्यांची मोजणी चुकली असं कोणी म्हटलेलं नव्हतं, तेव्हा ते स्वतः तरी कसं म्हणणार.

रिया मॅडमनी चिठ्ठ्या उघडल्या. ऋषभ सातने चुकला होता, संगीता सत्त्याण्णवने. नरपडची मुलं नाचायला लागली. ऋषभने लेझर टेप हवेत धरला. ढाल टेबलावर ठेवली होती, तिच्याकडे आमच्या मुलांनी बघणंही सोडून दिलं.

संगीता नाचणाऱ्यांकडे बघत नव्हती. वही उघडून बसली होती. तिने शंकूचं सूत्र पुन्हा मांडलं, सातला सातने काटलं, तेराचा वर्ग तपासला. मग माझ्याकडे आली.

"सर, सापडत नाहीये. माझं कुठे चुकलं?"

ती रडली असती तर मी तिला समजूत घालून गाडीत बसवलं असतं, खरं सांगतो. मी इतका थोर नाही. पण ती चूक मागत होती. आणि मीच तिला शिकवलं होतं की उत्तर चुकलं तर चूक सापडेपर्यंत उठायचं नाही. ही पोरगी तलासरीला पोचेपर्यंत, मग वेवजीला पोचेपर्यंत, त्या बरोबर गणितात चूक शोधत बसली असती आणि न सापडून शेवटी स्वतःलाच चूक म्हणाली असती. मला माझी लाज वाटली.

"तुझं कुठेच चुकलं नाही," मी म्हटलं. आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काशीनाथभाऊ, खुणा तेरा नव्हत्या, चौदा होत्या. एक मी खाल्ली."

मी विनिताकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, मानेला कळत होतं.

"खाल्ली म्हणजे?" रिया मॅडमनी विचारलं.

"म्हणजे चावून, गिळून."

"सर, तुम्हीच सांगितलंत की तो चिकू म्हणजे शंभर."

"मीच सांगितलं."

त्यांनी वही उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं. मोठ्याने. गरज नव्हती.

ऋषभ पुढे आला. आवाज चढवला नाही त्याने, पण मुद्दा बिनतोड होता. "सर, चौदा धरले तर तुमची शाळा जिंकते. आणि खाल्लं म्हणून सांगणारेही तुम्हीच. पुरावा काय?"

खरंच की. गणितात मी रोज मुलांना हेच विचारतो. टेम्पो गेला होता, ढीग गेला होता. मी खिशातून तीन बिया काढून टेबलावर ठेवल्या, ढालीशेजारी. जमनाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"बिया आमच्या वाडीत पावलोपावली पडल्यात," ऋषभ म्हणाला.

काशीनाथभाऊंनी पुन्हा हाताकडे बघितलं. त्यांचं सगळ्यात अवघड झालं होतं. चौदा म्हणावं तर नातवाची ढाल जाणार, तेरा म्हणावं तर हाताला जे वाटलं ते खोटं ठरणार. "मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नसाल. पण नुसत्या तुमच्या शब्दावर कसं करू मी?"

तेवढ्यात विनिता खाटेवरून उठली. टोपली घेऊन आली आणि टेबलावर ठेवली.

"टोपलीत अठरा होते," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"यांना घेऊन चिकूच्या वाडीत यायचं म्हणजे आल्या आल्या टोपली मोजून ठेवावी लागते. अठरा पिकलेले होते. यात आता किती आहेत ते मोजा. टोपलीला यांचा हात मी लागू दिलेला नाही, तीनदा आले होते, कुसुमताईंना विचारा."

"तीनदा," कुसुमबाई म्हणाल्या.

ऋषभने स्वतः मोजले. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा मोजले, चारच. "अठरातून चार गेले," तो हळूच म्हणाला, "चौदा."

मग ऋषभनेच ढाल उचलली आणि संगीताच्या हातात दिली. सांगितलं ना, पोरगा चांगला आहे. "पण तू फटी कशा धरल्यास?" असं त्याने विचारलं आणि दोघं जमनाबाईंची पेटी उपडी करून तिथेच बसली. आमची बाकी मुलं एका पायावर उड्या मारत होती.

काशीनाथभाऊ तर हरल्यासारखे दिसतच नव्हते. जो येईल त्याला सांगत होते, "मोजणी नाही चुकली माझी. मास्तरांचं पोट मध्ये आलं." संध्याकाळपर्यंत नरपडमध्ये ही गोष्ट कुठवर गेली असेल त्याचा अंदाज मी काढला नाही.

मुलं इकोंमधून तलासरीकडे गेली. पुढच्या सीटवर संगीता, मांडीवर ढाल. मी आणि विनिता स्कूटरवर डहाणूकडे निघालो. नरपडचा रस्ता संपला. मी मनात बोलणी खाण्याची तयारी करत होतो. शेवटी मलाच राहवेना.

"तू टोपली मोजून ठेवलीस म्हणून वाचलो," मी म्हटलं. "कसं सुचतं तुला हे?"

"कुठे मोजली?"

मी ब्रेक दाबला. "म्हणजे?"

"मी कशाला मोजतेय चिकू? मी कुसुमताईंशी बोलत होते."

"मग अठरा?"

"टोपलीत चार दिसत होते. तुम्ही चौदा म्हणालात. बेरीज मलाही येते."

मी स्कूटर बाजूला घेऊन उभा राहिलो. तिला समजावायचा प्रयत्न केला की जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलं तर त्याला पुरावा म्हणत नाहीत, त्याला मी परीक्षेत शून्य देतो. आणि मी खोटं बोलत असतो तर?

विनिताने पर्स उघडली. "तीन वर्षांत तुम्ही चोरून काय काय खाल्लं असेल. एकदा तरी कबूल केलंत? आज पन्नास माणसांपुढे, माझ्यापुढे, खाल्ला म्हणालात. म्हणजे खाल्लाच असणार. याहून मोठा पुरावा कसला हवाय तुम्हाला?"

मला यात चूक सापडेना. पुढे डहाणू येईपर्यंत शोधली.

"आता चला," ती म्हणाली, आणि मागून खाखरा पुढे आला.